काटा मधोमध

आमचे हे आजवर एकदाही "बरं वाटत नाही" असं म्हणालेले नाहीत. ताप भरला तर "आज हवाच गरम आहे", पाय मुरगळला तर "चपलेत खोट आहे". त्यांच्या वाट्याची काळजीही मग मलाच करावी लागते आणि वर घरात मीच घाबरट ठरते.

गेल्या महिन्यात हे जिन्याच्या मध्येच थांबले. कठडा घट्ट धरलेला, ओठ पांढरे. मी वरून ओरडले, "अहो, काय होतंय?" तर म्हणे, "काही नाही गं, चष्मा पुसतोय." चष्मा नाकावरच होता! मी डोकं खाल्लं तेव्हा कुठे हे डॉक्टरांकडे गेले, पण मला बरोबर येऊ दिलं नाही. परत आले, चप्पल काढता काढता म्हणाले, "सगळं नॉर्मल." मी दहा प्रश्न विचारले, दहाही वेळा तेच. माझा विश्वास बसला असं नाही, पण माणसाला उघडून तर बघता येत नाही. तेव्हापासून ते झोपले की मी त्यांच्या छातीकडे बघत पडून राहायचे, वरखाली होतेय ना म्हणून.

त्यात लेकीचे दिवस भरत आले. ती राहते डोंगरापलीकडे, आणि आमची गाडी तिच्याहून वयानं मोठी. एकदा भर रस्त्यात तापून अशी काही उकळली होती की मी हायच खाल्ली. त्यानंतर गाडीत बसले की मी रस्ता बघतच नसे. इंजिनाची उष्णता दाखवणारा तो काटा बघायची. जरा वर सरकला की, "अहो, चढला! थांबवा आधी!" हे वैतागायचे, पण थांबवायचे.

मग मध्यंतरी कधीतरी काटा सुधारला. किल्ली फिरवली की येऊन मधोमध उभा राहायचा, आणि चढ असो, ऊन असो, जागचा हलायचा नाही. मी म्हणाले, "आता कशी शहाण्यासारखी वागतेय बघा." हे काही बोलले नाहीत. एरवी गाडीचं कौतुक केलं की अर्धा तास ऐकवतात.

तर त्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गावाबाहेरचं मोठं हॉस्पिटल मागे पडलं आणि चढ लागला. काटा मधोमध होता, म्हणून मी त्याच्याकडून डोळे काढून ह्यांच्याकडे लावले. हे गप्प होते. डाव्या हाताची मूठ उघडत होते, मिटत होते. "हाताला काय झालं?" "मुंग्या आल्या. रात्री हातावर झोपलो होतो." मी तो हात धरायला पुढे झाले. लगेच स्वतःलाच दटावलं, की बाई, आज तरी पुरे कर, नातवंडाचं तोंड बघायला चाललीस.

पाक करपल्यासारखा गोडसर वास आला तेव्हा मला वाटलं पिशवीत काहीतरी सांडलं. मी वळून पिशव्या हुंगत बसले. तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून वाफ उसळली आणि समोरचं काही दिसेना. ह्यांनी कशीबशी गाडी कडेला घेतली. काटा बघितला तर मधोमध, जसा काही गाडीचा आणि त्याचा संबंधच नाही.

हे फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. "खबरदार!" मी इतक्या जोरात ओरडले की ते खरंच थांबले. "तोंड भाजून घ्यायचंय? तिकडे बसा गुपचूप." आणि नवल म्हणजे बसले. रस्त्याकडेच्या दगडावर टेकले. आयुष्यभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केलेला माणूस. बिघडलेली वस्तू समोर असताना हा कधी बसून राहिलेला नाही. मला ते अजिबात आवडलं नाही.

मी आमच्या गॅरेजवाल्याला फोन लावला.

"काकू, आधी सांगा, काटा कुठंय?"

"मधोमध."

"वाफ येतेय आणि काटा मधोमध?"

"हो रे बाबा, डोळे शाबूत आहेत माझे."

"बरं. सकाळी गाडी गार असताना, किल्ली फिरवल्या फिरवल्या कुठं होता?"

"मधोमधच. किती महिने झाले, तिथंच असतो. शहाणा झालाय तो."

तिकडे खडखडत होतं ते मशीन त्यानं बंद केलं. मला वाटलं फोन कट झाला.

"काकू," तो म्हणाला, "इंजिन गार असलं की काटा अगदी खाली असतो. मग हळूहळू चढतो. जो हलतच नाही तो काही सांगत नाही. इंजिनावर पुढच्या बाजूला एक सेन्सर दिसेल, पितळी, बोटाच्या पेराएवढा. त्याला एकच वायर जाते. ती जागेवर आहे का बघा. हात लावू नका, भाजेल."

मी पदर खोचला आणि वाकले. सेन्सर दिसला. त्याला वायर नव्हती. वायर बाजूला वळवून आत खोचलेली होती आणि तिच्या टोकाला लाल टेप गुंडाळलेली होती. टेपचं टोक दुमडलेलं होतं.

आमच्या घरात मिक्सरच्या वायरीपासून माझ्या चष्म्याच्या दांडीपर्यंत जिथं तिथं ही लाल टेप आहे. टोक दर वेळी दुमडलेलं, पुढच्या वेळी सोडवायला सोपं जावं म्हणून. अशी टेप लावणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

गॅरेजवाल्यानं बाकीचं सांगितलं ते मी कसंबसं ऐकलं. इंजिन पुरतं गार होऊ द्या, मगच झाकण उघडून पाणी भरा. वरच्या पाइपची पट्टी सैल झाली असेल, आवळा. गाडी हलवाल तेव्हा हीटर पूर्ण चालू ठेवा, तो इंजिनाची उष्णता ओढून आत टाकतो. तुम्हाला उकडेल पण गाडी वाचेल. मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ती टेप कुणाची?"

ह्यांनी मान खाली घातली. "सेन्सरऐवजी वायरीला एक छोटा रेझिस्टर लावला होता. काटा मध्ये राहावा म्हणून."

"पण का?"

"तू घाबरायचीस गं. काटा इतकासा हलला की तुझा चेहरा उतरायचा. मला बघवायचं नाही. म्हटलं, काटा मी सांभाळतो, तू खिडकीतून झाडं बघ. इंजिन तापलं की मला आवाजावरून कळतं, आजवर कळत आलंय."

"मग आज कसं नाही कळलं?"

"आज लक्ष नव्हतं."

"कुठं होतं लक्ष?"

ह्यांनी बाहीनं तोंड पुसलं. कपाळावरून घाम ओघळत होता आणि डोंगरावर तर चांगलं वारं सुटलं होतं. मला संताप असा आला की त्यांचे खांदे धरून गदगदा हलवावेत, आणि त्याच खांद्यांना हात लावायची भीती वाटत होती.

"डॉक्टर काय म्हणाले होते? आणि नॉर्मल म्हणालात तर मी इथून चालत घरी जाईन."

"हृदयाच्या नळ्या तपासायला हव्यात म्हणाले. लगेच. मी म्हटलं, एवढं लेकीचं बाळंतपण होऊ दे."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू झोपली असतीस का?"

"मी झोपत होते असं वाटतं तुम्हाला?" मी ओरडले आणि मला रडूच फुटलं. "अहो, मी रोज रात्री तुमचे श्वास मोजत होते!"

हे बघतच राहिले माझ्याकडे. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

इंजिन गार होईपर्यंतचा वेळ कसा गेला ते माझं मला माहीत. पाण्याच्या सगळ्या बाटल्या मी रेडिएटरमध्ये ओतल्या, पट्टी आवळली. ह्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं तसं टेपचं दुमडलेलं टोक धरून ओढलं, आतला तो तांदळाएवढा रेझिस्टर काढून फेकला आणि वायर सेन्सरवर बसवली. किल्ली फिरवली. कित्येक महिन्यांनी काटा हलला. तळातून हळूहळू वर आला आणि मधल्या रेघेच्या खालीच थरथरत थांबला.

"लेकीकडे नंतर," मी म्हणाले. "आधी हॉस्पिटल. गाडी मी चालवते. उतारच आहे."

"अगं, पण तू घाटात कधी..."

"गप्प बसा. नाही, गप्प नका बसू. तो काटा बघा आणि काय दिसतं ते मला सांगत राहा. खरं सांगा."

हीटर पूर्ण सोडला. सगळ्या खिडक्या उघड्या टाकूनही भट्टीत बसल्यासारखं वाटत होतं. दोघंही घामानं निथळत होतो. आता घामावरून मला काहीच कळणार नव्हतं आणि वळणं अशी होती की मान वळवून बघण्याची सोय नव्हती.

"काटा?"

"मधल्या रेघेखाली."

एक वळण गेलं. समोरून ट्रक आला, तोही गेला.

"आता?"

"थोडा चढला. रेघेवर आहे." मग घाईघाईनं, "काळजीचं काही..."

"ते मी ठरवेन. काटा तेवढा सांगा."

"रेघेच्या जरा वर. थांबला तिथं."

खाली हॉस्पिटलची पांढरी इमारत दिसायला लागली. काडेपेटीएवढी, पण दिसली.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

इंजिनाचा आवाज, हीटरचा आवाज, खिडक्यांतून वारा. मी रस्त्यावरची नजर काढली नाही. ते "काही नाही" म्हणणार याची मला इतकी सवय होती की ते शब्द कानात आधीच वाजले.

"दुखतंय," ते म्हणाले. "चढ लागल्यापासून. छातीत, डावीकडे. हातात उतरतंय."

मी काळजीनं जन्मभर थरथरत आलेली बाई. पण त्या क्षणी स्टिअरिंगवरचे माझे हात हलले नाहीत.

"बरं झालं सांगितलंत," मी म्हणाले. "सांगत राहा. थांबू नका."

आणि ते सांगत राहिले.