फिल्मची उलटी बाजू

“बाजूला हो रे जरा, तुझ्या टकलाआडच जातंय सगलं,” तय्यबा भावाच्या खांद्यावरून कुरकुरली.

हाशिम हलला नाही. विणलेलं कापड तपासायच्या काचेच्या टेबलावर, खालची ट्यूबलाईट लावून, त्यानं आपल्या पाच वर्षांच्या लेकीच्या, अतियाच्या पोटाच्या दोन एक्स-रे फिल्म ठेवल्या होत्या. मुंबईच्या इस्पितळात शिरेत औषध टोचून काढलेल्या. त्या सोमवारी डॉक्टरीणबाईंना दाखवायच्या होत्या, पण तोवर धीर धरील तर तो भिवंडीचा लूमवाला कसला.

अतियाची आई हबीबा दारातच उभी राहिली. ही एकोणनव्वद सालची गोष्ट. एका मूत्रपिंडात गाठ आहे हे सोनोग्राफीत कळलं होतं. दुसरं धड असेल तर खराब काढून टाकता येतं, पोर एकावर सुखानं जगते, असं बाई म्हणाल्या होत्या. सगळा जीव त्या दुसऱ्यावर टांगलेला.

हाशिमनं एक फिल्म पाहिली, गाठ उजव्या हाताला. दुसरी उचलली, पालथी करून ठेवली, गाठ डाव्या हाताला. म्हणजे दोन्हीकडे. त्यानं ट्यूब बंद केली आणि शिफ्ट बदलायची झाली, असं काहीतरी पुटपुटत निघून गेला. तय्यबा उगाच काच पुसत बसली.

मग घरात जो तो भलताच गोड वागू लागला. आजाराचं नाव आधीपासूनच कुणी घेत नव्हतं, आता दोन हा आकडाही वर्ज्य झाला. दुसरी भाकरी हवी असली की हाशिम ताट नुसतं पुढे सरकवी. तय्यबा तांब्यावर तांब्या पाणी पिऊ लागली. हाशिमनं विडी सोडली. हबीबानं विचारलं, तर दोघं म्हणाली, उगाच.

सोमवारी बाईंनी अतियाला घेऊन आलेल्या तिघांचे चेहरे पाहिले आणि विचारलं, घरात कुणी गेलं का? हाशिमनं अडखळत सगळं सांगितलं. दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून बाईंनी त्या निरखल्या. मग म्हणाल्या, दुसरी कुठल्या बाजूनं पाहिलीत?

“उलट्या,” हाशिम म्हणाला. “कापडाची खोट उलट्या बाजूनंच पकडायची असते, बाई. सुलटी बाजू खोटं बोलते.”

बाईंनी फिल्म पालथी केली. गाठ इकडून तिकडे गेली. सुलटी केली, गाठ परत जागेवर. एकच गाठ, एकाच बाजूला. दुसरं मूत्रपिंड औषध झकास गाळत होतं, छातीचा एक्स-रेही स्वच्छ होता. आजार कितव्या पायरीवर आहे ते ऑपरेशन करून, गाठ तपासूनच नक्की कळेल, त्या म्हणाल्या. दोन्हीकडे असला तर पाचवी, शेवटची. तिथे तुम्ही परस्पर चढून बसलात, आधी खाली उतरा.

हाशिम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. तय्यबाला मात्र राग आला. इतकं पाणी पिऊन तिनं आपला गुर्दा भाचीला द्यायला धुऊन ठेवला होता, त्याचं आता काय करायचं? तेव्हा कळलं, विडीही गुर्द्यासाठीच सुटली होती. मग कुणाचा गुर्दा सरस यावर बहीणभाऊ बाईंसमोरच भांडले. तुझ्यात विडीचा धूर, तर तुझ्यात जन्मभराचा मसाला. हबीबाला ते भांडण ऐकतच राहावंसं वाटलं.

“पन मला झालंय काय?” अतियानं विचारलं.

गाठ, हाशिम चाचरत म्हणाला. पोटात वारा धरलाय, तय्यबा म्हणाली.

हबीबानं लेकीला मांडीवर ओढलं.

“बाय, तुला कॅन्सर झालाय,” ती म्हणाली. “आनी तो काढून टाकनार हाव.”