बाहेरच्या कड्यातले नट

पहिला घाव मेजरनेच घातला आणि तो चुकला. इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल थोरल्या भावाच्या कानाजवळून गेलं आणि शेडच्या पत्र्यावर आदळून हातातून निसटलं. दादाने त्याला छातीवर रेटत ट्रकच्या मागच्या टोकापर्यंत नेलं. तोल सावरायला मेजरने डावा हात हौद्याच्या काठावर टेकला. लोंबकळणारा फाळका दादाने दोन्ही हातांनी उचलला आणि जीव खाऊन त्या हातावर आपटला.

बोटं मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. तिसरा भंगारवाला. तो दारात गॅस कटरचं सिलिंडर उतरवून घेत होता. दुसऱ्याच्या घरचं भांडण चाललं की माणूस जसा खाली बघतो, तसा तो खाली बघत होता.

मेजर कधी सैन्यात नव्हता. महायुद्धातला हा अमेरिकी ट्रक उभा करताना त्याने नऊ वर्षं खाकीखेरीज काही अंगाला लावलं नाही, म्हणून गल्लीने त्याला हा हुद्दा देऊन टाकला होता. ट्रक बाबांनी आणला होता, गंजून चाळण झालेला. बाबा गेल्यावर शेड दोघा भावांच्या नावावर झाली. दादाला ती गोदामासाठी मोकळी हवी होती. मेजर ऐकत नव्हता, म्हणून आज ट्रक कापून न्यायला माणूसच आणला होता.

"चाकं आधी काढून द्या," भंगारवाला म्हणाला. "टायर जळले तर माझ्या काय कामाचे?"

"मीच काढतो. आमचे मेजरसाहेब आजपासून निवृत्त," दादा म्हणाला. त्याने पुढचं चाक जॅकवर उचललं, पाना घेतला आणि चाकासमोर गुडघे टेकले.

मेजर भिंतीला पाठ लावून बसला होता. मोडका हात मांडीवर होता. समोर चाक दिसत होतं.

चाकावर नटांची दोन कडी होती. आतल्या कड्यातल्या पाच नटांनी चाक ट्रकला धरलेलं. बाहेरच्या कड्यातल्या नटांनी रिमचे दोन अर्धे एकमेकांना धरलेले. चाकं लढाईसाठी बनवलेली. टायर बदलायला रिम मधोमध उघडता यावी म्हणून ही सोय. पण टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सोडले, तर अर्धी रिम तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. दादाने पाना बाहेरच्या कड्याला लावला. तिथे नट जास्त, म्हणजे चाक त्यांनीच धरलं असणार, एवढाच त्याचा विचार.

बाबांनी ते नट धोक्याची खूण म्हणून लाल रंगवून ठेवले होते. मेजरने मागच्याच महिन्यात लाल खरवडून हिरवा दिला होता. कारखान्यातून ट्रक निघाला तेव्हा त्यावर लाल नव्हता.

पहिला नट सुटला. मेजर बोलला नाही. दुसरा सुटला. तिसरा अडला, तेव्हा दादाने एक शिवी हासडून पान्यावर पाय दिला आणि तोही सुटला. मेजर बघत राहिला. चौथा जमिनीवर पडून घरंगळला.

"दादा, हवा सोड आधी," मेजर म्हणाला. "रिम उडेल तोंडावर."

दादाने मान वळवली नाही. "अस्सं? हवा सोडण्यात आजचा दिवस काढायचा, हेच ना? लहानपणापासून ओळखतो तुला."

"आईशप्पथ सांगतो. सरक तिथून."

"आईला मध्ये आणू नकोस."

पाचवा नट अर्धा फिरला. लोखंड कुरकुरलं. मेजरने उजव्या हाताने हँडल उचललं, चार पावलं टाकली आणि दादाच्या पान्यावरच्या हाताच्या कोपरावर घातलं. या वेळी चुकलं नाही. हाड कचकन गेलं. दादा ओरडत कलंडला, तशी मेजरने त्याची कॉलर धरून त्याला बाजूला फरफटत नेलं. दादाने खालून लाथ घातली. ती मेजरच्या पोटात बसली आणि दोघेही आडवे झाले.

तेवढ्यात चाक फुटलं. अर्धी रिम उरलेले बोल्ट तोडून सुटली, पत्रा फाडून बाहेर गेली आणि भंगारवाल्याच्या हातगाडीचे दोन तुकडे करून पडली. जॅक कलला. ट्रकचं नाक जमिनीला टेकलं. शेडभर धूळ झाली.

भंगारवाल्याने बाहेर जाऊन हातगाडी बघितली, मग आत येऊन सिलिंडर उचललं. "दादा, दुसरा माणूस बघा," म्हणाला आणि गेला.

दादा पत्र्यातल्या भोकाकडे बघत होता. त्याचं कोपर उलटं वळलं होतं.

"किती सुटल्यावर बोललास?"

"चार."

"पहिल्याला का नाही?"

"पहिल्याला वाटलं, मर."

"मग चौथ्याला काय झालं?"

"तू वाकलास, टाळू दिसली. बाबांसारखंच टक्कल पडलंय तुला."

दादा थुंकला. थुंकीत रक्त होतं. "ट्रक ठेवणार नाही मी. उद्या दुसरा माणूस आणणार."

"आण."

"अडवशील?"

मेजर उठला. त्याने खिशातून खिळा काढला आणि मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हमध्ये दाबून धरला. हवा शिट्टी वाजवत सुटली. टायर हळूहळू बसला. मग तो दुसऱ्या चाकाकडे गेला.

"तो मोडका हात धर आणि चल," दादा म्हणाला. "दवाखाना बंद होईल."

"दोन राहिलीत," मेजर म्हणाला.