धवल्यातली दोन नावं

शेवंताबाई धवलारीण होती, धवला म्हणजे लग्नविधीचं गाणं गाऊन लग्न लावणारी. नेरूळच्या खाडीकडलं तिचं गाव आणि आजूबाजूची सहा-सात गावं, एवढ्या पट्ट्यात आगऱ्यांचं लग्न तिच्याशिवाय लागत नसे. कुठे भट बोलावलेला असलाच तर तो कोपऱ्यात पान चघळत बसायचा. मांडवात हुकूम चालायचा शेवंताबाईचा. हळद कधी, आंघोळ कधी, नवरीच्या मामाने पुढे कधी यायचं, सगळं ती धवल्यात गाऊन सांगायची. शेवटी नवरा-नवरीची नावं त्यांच्या बापांच्या नावांसकट गाण्यात घ्यायची, बायका तांदूळ टाकायच्या, आणि लग्न लागायचं. तीस वर्षं तिने लोकांची लग्नं लावली होती आणि त्याचा तिला माज होता. माज हा शब्द तिने स्वतःही नाकारला नसता.

तिच्यामागे ओळ उचलायला असायची गोजरा, तिच्या धाकट्या दिराची, पोपटची, पोर. गोजरा सहा वर्षांची असताना आईबाप दोघंही एकाच पावसाळ्यात तापाने गेले आणि पोर शेवंताबाईच्या पदरात पडली. शेवंताबाईला स्वतःचं मूल नव्हतं, नवराही लवकर गेलेला. तिने पोरीला खाऊ-पिऊ घातलं, तांदूळ निवडता निवडता धवला शिकवला. शिकवताना एक नियम पाळायचा असतो. सरावाच्या धवल्यात खरी नावं घ्यायची नाहीत, शंकर-पार्वतीची घ्यायची. त्यांचं लागलेलंच आहे, पुन्हा लागलं तर कुणाचं काही बिघडत नाही. गोजराने शंकर-पार्वतीची लग्नं हजार वेळा लावली आणि एकोणीस वर्षांची झाली तोवर तिचा आवाज काकीच्या पुढे गेला. हे सगळ्यांच्या आधी शेवंताबाईला कळलं, आणि ती कुणाला बोलली नाही.

१९८६च्या जानेवारीत जयप्रकाश नावाचा एक माणूस गावात आला. मुंबईच्या कुठल्याशा सांस्कृतिक मंडळाचा होता, खांद्याला झोळी, पायात कोल्हापुरी. बरोबर हॉलंडची एक मडम, तिच्या हातात आवाज भरून घ्यायचं यंत्र. उरणच्या एका लग्नात त्यांनी या दोघींना ऐकलं होतं. हॉलंडमध्ये जूनमध्ये मोठा संगीत महोत्सव व्हायचा होता. दहा देशांचे नवे गाणारे महिनाभर एकत्र राहणार, एकमेकांची गाणी शिकणार, मग लोकांसमोर गाणार. शेवंताबाईने पाट मांडले, चहा ठेवला, आणि आपण बोटीने जायचं की विमानाने हे मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

"मावशी, तुमचा आवाज म्हणजे सोनंच," जयप्रकाश म्हणाला. "पण त्यांचा नियम आहे. पंचवीस वर्षांच्या आतलेच कलाकार. नव्यांना संधी मिळावी म्हणून. आम्हाला गोजराताईला न्यायचंय."

"आनि शिकवली कोनी तिला?" शेवंताबाईने विचारलं.

"तुमचं नाव कागदावर गुरू म्हणून येईल की."

कागदावर. शेवंताबाईने कपबश्या उचलल्या आणि आत जाऊन त्या नको इतका वेळ धूत बसली. बाहेर गोजरा मडमेला हातवारे करून विचारत होती, तिकडल्या बाया लग्नात गातात का, काय गातात, मला शिकवतील का. पोरीचा चेहरा असा उजळला होता की शेवंताबाईला तिच्याकडे बघवेना. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली पोर, आणि तिचा आनंद बघून हिचा जळफळाट झाला. झाला तो झाला, ते लपवून काय करायचं.

महोत्सवाला निवडीसाठी पुरा धवला भरून पाठवायचा होता, आणि मडमेला मांडवासकट, नवरा-नवरीसकट हवा होता. लग्न तर महिनाभर कुणाचं नव्हतं. मग खोटं बसवू, असं ठरलं. गावचे पंच देवजी, त्यांनी आपल्या ओटीसमोर मांडव घातला. मांडव झाला, नवरा-नवरी मिळेनात. कुठली आई आपली कुवार पोर अशी पाटावर बसू देणार? शेवटी देवजींनी आपल्याच मुलाला, वामनला, बसवला. वामन अडतीस वर्षांचा विधुर, कळंबोलीला ट्रक चालवायचा, दोन पोरांचा बाप. पिऊन आला की त्याचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत जायचा. नवरीच्या पाटावर गोजरा म्हणाली, मीच बसते.

"बसून गाईन ना. नावं देवाचीच घ्यायचीत. काकी, चालंल ना?"

"चालंल," शेवंताबाई म्हणाली.

त्या दिवशी सकाळी मांडवात पन्नासेक बायका जमल्या. मडमेने यंत्र गोजराच्या पुढ्यात ठेवलं, त्यावरचा तांबडा दिवा लागला. गोजराने धवला सुरू केला आणि बायकांची कुजबूज थांबली. शेवंताबाई मागून ओळ उचलत होती. तीस वर्षांत पहिल्यांदाच ती मागे होती. पोर हळदीच्या ओळी घेत होती, मामाला बोलावत होती, आणि म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. शेवंताबाईच्या धवल्याला त्यांनी आजवर माना डोलावल्या होत्या, पदर कुणी लावला नव्हता.

मग नावांची जागा आली. तिथे धवला एक श्वास थांबतो. गोजराने श्वास घेतला, शंकराचं नाव तिच्या ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात शेवंताबाईने आवाज टाकला. हा शेवट माझा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. एकदा तरी त्या यंत्रात आपला आवाज जाऊ दे. मडमेचं बोट यंत्राकडे गेलेलं तिला दिसलं. आवाज वाढवतेय, असं तिला वाटलं आणि तिने आणखी वर नेला. वरच्या पट्टीत, तीस वर्षांच्या सवयीने, पाटावर जे बसले होते त्यांचीच नावं तिच्या तोंडून गेली. देवजीचा वामन, पोपटची गोजरा. बायकांचे हातही सवयीचेच. तांदूळ पडले.

मडमेने टाळ्या वाजवल्या, जयप्रकाशने वाजवल्या. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. गोजराने केसांतले तांदूळ झटकायला हात वर नेला आणि तो तसाच राहिला.

इथवर शेवंताबाईला माफ करता येईल. हेवा कुणाला वाटत नाही, आणि सवय जीभ कशी ओढते हे प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढचं मात्र तिने शुद्धीत केलं.

पाहुणे गेल्यावर बायका काही घरी जाईनात. त्यांतली रखमा म्हणाली, नावं गेली, तांदूळ पडले, आता काय राह्यलं? दुसरी म्हणाली, आसं कुटं आसतं, खेल होता तो. गोजरा देवजींच्या पायाशी बसून एकच सांगत होती, "मी नावं नाय घेतली, मी नाय घेतली." वामन ओटीवर बिडी ओढत होता. घरात बाई नव्हती, पोरांना सांभाळणारं कुणी नव्हतं, त्याला यात रडण्यासारखं काही दिसत नव्हतं. देवजी माणूस सरळ होता. त्यांनी शेवंताबाईला समोर बोलावलं.

"शेवंते, तू धवलारीन. तू बोलशील ते खरं. लगीन लावलंस का खेल केलास? खेल आसंल तर खेल बोल, आमी मांडव उतरवतो नि पोरगी मोकली."

एका शब्दाचं काम होतं. खेळ म्हटलं असतं तर पोर जूनमध्ये विमानात बसली असती. पण पन्नास बायका तोंडाकडे बघत होत्या, आणि जी धवलारीण मांडवात खऱ्या नावांचा खेळ करते तिला पुन्हा कोण बोलावणार? शेवंताबाईने गोजराकडे पाहिलं. पोरही काकीकडेच बघत होती. तिला अजून खात्री होती. सहा वर्षांची असल्यापासून ही बाई तिच्या ताटात आधी वाढत आली होती.

"धवला खेल नसतो," शेवंताबाई म्हणाली.

देवजींनी मान हलवली. बायकांनी गोजराला उठवलं आणि आत नेलं, त्याच घरात. बाहेर शेवंताबाईला कुणीतरी पानाचा विडा आणून दिला, लग्न लावल्यावर धवलारणीला देतात तसा, आणि तिने तो खाल्ला.

जयप्रकाश दोनदा येऊन गेला. पहिल्या वेळी समजवायला, दुसऱ्या वेळी भांडायला. हे बेकायदेशीर आहे, मी पोलिसात जाईन, असं म्हणाला. वामनने त्याला कळंबोलीच्या चार दोस्तांसह बस थांब्यापर्यंत पोचवलं, आणि तिसऱ्या वेळी तो आला नाही. जून आला, गेला. गोजरा वामनच्या पोरांना न्हाऊ-माखू घालत होती. तिच्या गालावर कधी वळ दिसायचा, कधी नाही. शेवंताबाईच्या दारावरून जायची तेव्हा मान वळवायची नाही. गाणं तर तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

शेवंताबाईला बोलावणी येत राहिली, तिचा शब्द मोठा झाला होता. फक्त ती नावांची ओळ घ्यायला लागली की आया आपल्या कुवार पोरींना हाताला धरून मांडवाबाहेर नेऊ लागल्या. मागून उचलायला कुणाची पोर मिळेना. एकटीने गाताना तिला धाप लागायची. नावांच्या जागी ती आता श्वासाला जास्तच थांबायची.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी गोजरा पहिल्यांदा काकीच्या दारात आली. कडेवर वामनचा धाकटा, हातात वामनचा टेपरेकॉर्डर. हॉलंडहून टपालाने कॅसेट आली होती. पोरगी येऊ शकली नाही तर तिचा आवाज तरी ऐकवू, म्हणून तिकडल्या लोकांनी भरलेला धवला महोत्सवात लावला होता. आता दहा देशांची गाणी एका कॅसेटवर काढली होती, आणि वेष्टनावर तिचं नाव होतं. शेजारच्या चार बायका मागोमाग आल्या. शेवंताबाईने पाट मांडला, अगदी पाहुणे आले त्या दिवशी मांडला होता तसा.

"लाव," ती म्हणाली. तिला वाटलं, पोर आली. वर्ष झालं, राग उतरला असेल.

गोजराचा आवाज त्या लहानशा घरात भरला. हळद आली, मामा आला. शेवंताबाई पुढे सरकली. मागून उचललेल्या ओळी फार पुसट होत्या, कुणाच्याही असाव्यात अशा. त्याचं तिला काही वाटलं नाही, तिची जागा पुढे होती. ओठ हलवत ती नावांच्या जागेची वाट बघू लागली. गोजराने श्वास घेतला. तो श्वास ऐकूसुद्धा आला. मग खट्ट झालं, आणि कुठल्याशा परक्या मुलखाचं तंतुवाद्य सुरू झालं.

"पुढं?" शेवंताबाईने विचारलं.

"पुढं नाय."

"परत लाव."

गोजराने फीत मागे नेली, परत लावली. हळद, मामा, श्वास, खट्ट. शेवंताबाईला मडमेचं बोट आठवलं. पंचवीसच्या आतलेच, असा नियम होता त्यांचा. म्हातारीने आवाज टाकला तसं मडमेने यंत्र बंद केलं होतं.

"तिसऱ्यांदा लावू?" गोजराने विचारलं.

 चारही बायका जमिनीकडे बघत होत्या. गोजराने कॅसेट काढली, डबीत घातली आणि डबी कमरेला खोचली.

"मी घरी रोज लावून बघितली, काकी. तुजा आवाज कुटंच नाय याच्यात. जगानं आइकला तो माजा." तिने वामनच्या पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुजं गानं गावात हाय. त्या गान्यानं वामनच्या घरी गेलेली मी हाय ना. मना बघत जा."

ती गेल्यावर बायका एकेक करून उठल्या. दुपारी उलव्याहून माणूस आला, परवाच्या लग्नाचं बोलावणं घेऊन, आणि नवरीचं नाव सांगू लागला. शेवंताबाईने त्याला दोनदा विचारलं, तरी ते तिच्या ध्यानात राहिलं नाही.