प्यो ओक-बुन यांचे बूट

“आई, पुसून टाका तो मेसेज! आयातकर भरा म्हणतात आणि खातंच रिकामं करतात हे चोर.” लेकीला, सो-दामला, कडेवर घेऊन मी स्वयंपाकघरात धावले.

सासूबाई मुळा चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पण मागवलंय मी.”

आमच्याकडे परदेशातून बरंच काही येतं. नवऱ्याचे मासे धरायचे गळ, सो-दामची दुधाची पावडर. सासूबाईंसाठी कधी काही आलेलं मला आठवेना.

“काय मागवलंत?”

“बूट. डोंगर चढायचे. जर्मनीचे.”

सगळी नोकरी त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात, ओल्या फरशीवर, रबरी गमबुटांत काढली. पावलं पसरली, अंगठे वाकले. इथल्या बाजारातला एकही जोड धड बसत नाही त्यांना.

रात्री जेवताना माझा नवरा गी-ह्योन हसला. “आई, एवढ्या महागड्या बुटांवर कर लागणारच! वर कर भरून बूट कोण घेतं? भरू नकोस, आपोआप परत जातील. रविवारी बाजारातून आणतो मी.”

सासूबाई त्याच्या वाडग्यात सूप वाढू लागल्या. त्या असं वाढायला लागल्या की विषय संपतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक.

सकाळी पाहते तर सासूबाईंच्या ओठांना लाली, अंगात लग्नकार्याचा कोट.

“कुठे निघालात?”

“पोस्टात. फोनवर काही दाबणार नाही मी. खिडकीवर विचारते, खरं असलं तर भरून येते.” दारात जरा थांबल्या. “अगं, माननीय प्यो ओक-बुन असं लिहिलंय त्या मेसेजात.”

गल्लीत त्या ‘गी-ह्योनची आई’, आता ‘सो-दामची आजी’. हे नाव घरात मीही कधी उच्चारलं नव्हतं.

परतल्या त्या खुदुखुदु हसतच. “खराच होता गं कर! खिडकीवरचा पोरगा म्हणतो, आजी, कर भरताना इतकं खूश झालेलं कुणी पाहिलं नाही. म्हटलं, आजी असेल तुझ्या घरी!”

आठवड्याभराने पोस्टमन आला. “प्यो ओक-बुन?”

सवयीने मी पुढे झाले.

“सरक,” ओले हात पुसत त्या म्हणाल्या. “मीच.”

ज्या घरात सपातासुद्धा दाराशी राहतात, तिथे वर्तमानपत्रं अंथरून त्या नवे बूट घालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होत्या. मागून सो-दाम कागद चुरगाळत रांगत होती. खालून शेजारणीने हाक मारली, “अहो गी-ह्योनच्या आई!”

त्यांना ऐकूच गेलं नाही.