वरचा तुकडा

गप्प बसण्यात खाटकाचा फायदाच फायदा होता. दाजी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, दर शनिवारी दोन किलो मटण न्यायचे, तेही घासाघीस न करता. बोलण्यात मात्र मिळकत शून्य. गिऱ्हाईक जाणार आणि दाजी रुसणार. आणि लेथ मशीनवर तीस वर्षं काढलेला हा माणूस रुसला की घरातली भांडीसुद्धा दबकत वाजायची.

पण बहीण मागच्या दाराने आली आणि तिने डॉक्टरांचा कागद ओट्यावर ठेवला. "हृदयाच्या दोन नळ्या अरुंद झाल्यात. आठवड्याला अर्धा किलो, त्याच्या वर नाही. मी सांगितलं तर म्हणतात, तुला स्वयंपाकाचा कंटाळा आलाय. तूच सांग."

"ताई, खाटकाने मटण कमी खा म्हणायचं? उद्या न्हावी म्हणेल, केस वाढवा."

तरी शनिवारी त्याने अर्धाच किलो तोलला. दाजींनी आधी काट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काटा बिघडलाय का रे?"

"काटा ठीक आहे, दाजी. नळ्या बिघडल्यात. तुमच्या."

"म्हणजे ताईसाहेब येऊन गेल्या तर."

"गेल्या. आणि माझ्या मेंढ्या चरतात तो उतार बघा जरा. गुडघाभर गवत असायचं, आता खडक दिसतो. सगळ्यांनीच दोन-दोन किलो मागितलं आणि मी मेंढ्या वाढवत गेलो तर त्यांनी खायचं काय, दगड?"

"मी समोरच्या दुकानात जातो."

"जा की. तो वरचा तुकडा देत नाही."

वरचा तुकडा ही या दुकानाची रीत. तोलून झालं की घरच्या माणसाच्या पुडक्यात चरबीचा एक मोठा गोळा वजनाबाहेर पडायचा. दाजी पुटपुटत अर्धा किलो घेऊन गेले. तीन शनिवार असेच गेले आणि चौथ्या शनिवारी बहिणीने घरच्या काट्यावर पुडकं तोललं. पाऊण किलो भरलं. तोंड पथ्य सांगत होतं आणि हात सवयीने लाड पुरवत होता. खाटकाला त्याचा पत्ताच नव्हता. बहिणीने सांगितलं तेव्हा तो आपल्या हाताकडे असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्याचा आहे.

पुढच्या शनिवारी ओट्याखाली राजम्याचं पोतं होतं. तोलून झालं, हात चरबीकडे निघाला, अर्ध्यावर थबकला आणि खाली वळला. पुडक्यावर मूठभर राजमा पडला.

"खाटकाकडे राजमा?" दाजी म्हणाले. रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"रश्श्यात सोडा. चव तीच, पोट भरतं. मी महिनाभर हेच खातोय."

"तू? चेष्टा करू नकोस."

"तुम्हाला पथ्य सांगायचं आणि आपण घरी चापायचं, हे नाही जमत मला."

दाजींनी त्याच्या पोटाकडे बारकाईने पाहिलं. ढिला झालेला पट्टा खोटं बोलत नव्हता. मग पुडकं पिशवीत ठेवलं.

मागची बाई पुढे सरकली. "मलाही अर्धाच किलो द्या. आणि ती मूठ."

वर्ष सरताना पाहिलं तर दाजींच्या नव्या कागदावर डॉक्टरांनी 'उत्तम' लिहिलं होतं. बहिणीची झोप परत आली. चार मेंढ्या कमी ठेवल्यामुळे उतारावर घोट्याएवढं गवत उगवलं. रांगेतल्या अर्ध्या घरांत राजमा शिजू लागला. या सगळ्याचं मोल भरलं एकट्या खाटकाने: चौथा हिस्सा विक्री, राजम्याची सहा पोती, आणि स्वतःच्या ताटातली चरबी.