लाल खटका

देवानंद मिस्त्री चुकत नाही, हे चंद्रपूरकडच्या मूल तालुक्यातल्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पंपाची जळलेली मोटार लोक उचलून त्याच्या दुकानात आणत. तो नुसता वास घेई आणि कुठे जळली ते उघडण्याआधीच सांगे. वीस वर्षं हे असं चाललं. इतकी वर्षं कोणी चूक दाखवली नाही की माणूस बिघडतोच. देवानंदही आतून बिघडला होता, एवढंच की त्या बिघाडाला वास नव्हता.

त्याची पोरगी आचल म्हणजे त्याचा उजवा हात. वाइंडिंगचे वेढे तिनं मोजावेत, सोल्डर तिनं करावं. दहावीला चांगले गुण पडले आणि तिनं जाहीर केलं की चंद्रपूरला जाऊन पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकणार. घरात दोन पक्ष पडले. तिचे प्रफुलमामा मूलला मास्तर. त्यांचं म्हणणं, पोरीनं तिथेच आर्ट्स घ्यावं आणि बसनं येऊन-जाऊन करावं. आई रंजीता अर्थातच भावाच्या बाजूची. शेवटी देवानंदनं न्याय केला. गेम खेळायचा कॉम्प्युटर स्वस्तात घरीच बांधायचं खूळ आचलच्या डोक्यात दोन महिन्यांपासून होतं.

"बांधून दाखव," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "चालला तर होस्टेलच्या कागदावर सही करतो."

बंद पडलेल्या नेट कॅफेतला कॉम्प्युटरचा जुना डबा आला, नागपूरहून कोणाचं तरी वापरलेलं ग्राफिक कार्ड आलं, मॉनिटर भंगारवाल्याकडे मिळाला. बापलेकीनं दुकानातल्या टेबलावर आठवडाभर पसारा मांडला. देवानंदला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण तसं कबूल करायची त्याला सवय नव्हती. तो नुसती मान हलवी. ग्राफिक कार्डाची तार बसेना, तेव्हा आचलनं मधे एक जोड लावला.

"बाबा, बरोबर हाये न?"

"हाये," तो न पाहताच म्हणाला.

दुपारी दोनला बटण दाबलं. आतला पंखा थरथरला आणि थांबला. पाऊस लांबला होता, धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, वाचवायला सगळ्या गावाचे पंप सुरू होते. देवानंदनं मीटर लावून पाहिला तर व्होल्टेज दोनशे तीसच्या जागी एकशे पस्तीस. आचल पाणी प्यायला आत गेली. तेवढ्यात त्याला डब्याच्या मागे, जिथे विजेची तार घुसते त्या सप्लायच्या पेटीवर, एक छोटा लाल खटका दिसला. एका बाजूला २३० लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला ११५. देवानंदला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं भेटलं. व्होल्टेज कमी असलं की स्टॅबिलायझरचं टॅपिंग खाली घ्यायचं, हे तर त्याचं रोजचं काम. त्यानं नखानं खटका ११५ वर सरकवला, बटण दाबलं, आणि पंखा भणाणत सुरू झाला.

"काय केलं, बाबा?" धावत आलेली आचल नाचायचीच बाकी होती.

"माहा हात लागला," तो म्हणाला.

दोन तास त्या पडद्यावर गाड्या पळाल्या. रंजीतानंही पदर खोचून एक गाडी भिंतीवर आपटली आणि पोट धरून हसली. मग चार वाजले. चारला पंपांची लाइन बंद होते आणि गावातली वीज एकदम उसळते, हे देवानंदइतकं कोणाला माहीत असणार? फटाका फुटावा तसा आवाज झाला, पेटीतून धूर निघाला, पडदा काळा पडला. परदेशात जिथे वीजच एकशे दहा-पंधराची असते, तिथल्या लोकांसाठी तो खटका. आपल्याकडे त्याला हात लावायचा नसतो. हे देवानंदला त्या धुराच्या वासावरून तिथल्या तिथे कळलं. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते सोडून देऊ. पण बुडताना त्यानं जे केलं ते वाईट केलं. आचल तोंडावर हात धरून उभी होती. त्यानं प्लग उपटला आणि अंगठ्यानं खटका परत २३० वर सारला.

"माह्या जोडानं जळलं का, बाबा?"

देवानंद हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही.

त्या दिवसापासून स्वतःच्याच घरात त्याला पाय ठेवायला जागा उरली नाही. आचलनं डबा उघडून दोन दिवस शोधलं. बोर्ड जळलेला, कार्ड जळलेलं, आणि दोष द्यायला तिच्या त्या जोडाशिवाय दुसरं काही सापडेना. तिनं मामांना फोन करून आर्ट्स घेते म्हणून सांगितलं. रंजीता खूश झाली. शेजारी येऊन म्हणाले, "मिस्त्री, तुमी होते म्हून घर वाचलं." खरं सांगावं तर मिस्त्रीपण जातं, न सांगावं तर पोरीचा जीव जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यात आणखी एक गोष्ट त्याला टोचत होती. गप्प राहण्यात त्याचा दुहेरी फायदा होता. नावही राहत होतं आणि पोरगीही घरी राहत होती. भाताचा घास हातात घेऊन तो हेच चघळत बसे.

एकदा जेवताना त्यानं धीर केला. "आचलबाई, तो खटका..."

"कोणता खटका?"

"काई नाई. फॅनचा."

आठव्या दिवशी शालिकराम नावाचे म्हातारे गिऱ्हाईक टेबलफॅन घेऊन आले. होस्टेलच्या कागदाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. देवानंद मोटार खोलत होता, म्हणून शालिकरामांनी फॅन आचलपुढे ठेवला.

"पाह्य वो पोरी, याले काय झालं."

आचलनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नको काका. माह्या हातानं जळते."

देवानंदला स्वतःची लाज वाटली. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"तिच्या हातानं नाई जळलं, शालिकरामभाऊ," तो म्हणाला. "म्या जाळलं. मांगचा खटका म्या एकशे पंधरावर केला. तिचा जोड बरोबर होता."

शालिकराम फॅनकडे बघत राहिले. दुसरीकडे कुठे बघावं ते त्यांना कळेना.

"तुमाले कवा समजलं?" आचलनं विचारलं.

आज समजलं, असं म्हणता आलं असतं. कोणी तपासायला जाणार नव्हतं.

"तवाच," देवानंद म्हणाला. "जळलं तवाच. खटका परत म्याच फिरवला. तुले दिसू नये म्हून."

"आठ दिवस मी झोपली नाई, बाबा. तुमी पाहून राह्यले होते."

तो पाहत होता, हे खरंच होतं. ती आत निघून गेली. शालिकरामांनी फॅन उचलला, "येतो मंग," म्हणाले आणि गेले. संध्याकाळपर्यंत गावभर होणार हे देवानंदला ठाऊक होतं. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. त्याचे कान आतल्या खोलीकडे लागले होते.

आचल होस्टेलचा कागद घेऊन बाहेर आली आणि तो मोटारीशेजारी ठेवला. डोळे पुसलेले होते.

"सही करा."

"आचलबाई, दुसरा सप्लाय आणू. बोर्ड पाहू कुठी भेटते ते. आपण दोघं पुन्हा बांधू."

"बांधीन मी. पण तिथी. एकटी."

देवानंदनं हात फडक्याला पुसले आणि सही केली. आचलनं कागद उचलला, दारातल्या उजेडात नेला आणि नाव, तारीख, सहीची जागा, सगळं एकेक करून नीट वाचलं. बाबानं केलेलं काम तिनं याआधी कधी तपासून पाहिलं नव्हतं.