पोपटी पेटी आणि सुलक्षणाआत्या

रंगावर जाऊ नका, मित्रांनो. मी एक जुनी पेटी आहे, कीर्तनात साथीला वाजते ती. सांगलीच्या कारागिराने मला घडवलं. पुढे दुबईजवळच्या अजमानला आले आणि एका घरात बरीच वर्षं धूळ खात पडले. वाळू जाऊन माझे सूर बसले होते. सुलक्षणाआत्यांनी मला घरी आणलं, भाता नवा केला आणि स्वतः पोपटी रंग दिला. देवालाही जरा बरं वाटू दे, म्हणाल्या.

आत्यांचं सगळं असंच. नऊवारीवर गॉगल लावून गाडी हाकायची, हमरिया बंदरातल्या कामगारांपुढे कीर्तन करायचं, प्रसादाला उंटिणीच्या दुधाचा शिरा. आईवडील गेल्यावर भाची अंतरा त्यांच्याकडे आली. ती बोलायची इंग्रजीत, पण माझ्या पट्ट्यांवर तिची बोटं मराठीत चालायची.

एकदा पुण्याहून तिचे मोठे काका, बापू, आले. या घरात पोर वाया जाईल, मी तिला वसतिगृहात ठेवतो, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. त्याच संध्याकाळी घरी कीर्तन होतं. पेटीवाले धनंजय कामावर अडकले, म्हणून अंतरा माझ्यामागे बसली.

पूर्वरंगात आत्यांनी अभंगाचं निरूपण केलं. उत्तररंगाला मात्र आख्यान लावलं ते चक्क जुन्या हॉलिवूडच्या एका विनोदी सिनेमाचं. एक पोरका मुलगा आणि त्याची विक्षिप्त, मनमोकळी आत्या! लोक पोट धरून हसत होते. मग गोष्टीतल्या त्या मुलाला शिस्तीच्या घरी न्यायला मंडळी आली, आणि सुलक्षणाआत्या सांगता सांगता तिथेच थांबल्या.

"बोला, या पोराचं काय करायचं?"

माझ्यामागून बारीक आवाज आला, "ही विल स्टे विथ हर. खलास."

आणि अंतराने असा भाता मारला, की मी अख्खी थरारले. भजनाचा ठेका लोकांनीच उचलला.

आरतीनंतर कीर्तनकाराच्या पाया पडतात. ती नारदाची गादी, तिथे वडीलधारेही वाकतात. बापू भाविक माणूस. धाकट्या बहिणीपुढे वाकले, उठले, डोळे पुसले.

"गादीसमोर वाकलो, आता भांडू कसा? राहू दे पोर तुझ्याकडे. पण सुले, त्या सिनेमात पुढे काय झालं?"

"पुढच्या कीर्तनाला या," आत्या म्हणाल्या.

मित्रांनो, तेव्हापासून माझं झाकण अंतराच पुसते. तुमच्याही घरात गाणारं काहीतरी असेल, वस्तू असो वा माणूस. त्याला शहाणं करायला जाऊन मुकं करू नका. त्याच्याजवळ बसा, जपा आणि वाजू द्या.